माघारी गेलेल्यांचे चिंचोके

भागाबाईंना संग्रहालयाने बसायला एक खुर्ची दिली होती. सागवानी, हातांची, साहेबांच्या केबिनमधून बाद होऊन गेटपाशी आलेली. नऊ वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं ते एकदाच, आणि त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता. एरवी खुर्चीवर त्यांची भाकरी बसायची, पाण्याची बाटली बसायची आणि चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा बसायचा. बाई स्वतः मात्र गेटापासून पायरीपर्यंत आणि पायरीपासून गेटापर्यंत, दिवसभर. पायाला भिंगरी लागलेली. "भागाबाई, एवढं सरळ रस्त्याने चालला असतात तर एव्हाना काशी गाठली असती," असं मी चिडवलं की म्हणायच्या, "काशीला माझं कोण अडून बसलंय? लोक इथं गेटापोतर येत्यात."

मी तिथे सहायक अभिरक्षक म्हणून लागले तेव्हा पदवी ताजी होती आणि डोकं त्याहून गरम. शहागंजच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आमचं ते छोटं संग्रहालय. दोन दालनं, मधे अंगण, अंगणात ओळीने मांडलेली दगडी शिल्पं. पहिल्याच संध्याकाळी मी नोंदवही मिटवत मोठ्या समाधानाने म्हणाले, "आज बेचाळीस जण येऊन गेले." भागाबाई तिथे परिचर होत्या, म्हणजे गेट, झाडलोट, कुलपं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि माझ्या टेबलावर मूठभर चिंचोके ओतले. "अन् हे सतरा माघारी गेले," त्या म्हणाल्या.

मला आधी काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. गेटापर्यंत येऊन, आत डोकावून जो कोणी परत फिरेल त्याच्या नावाचा एक चिंचोका चंचीत पडायचा आणि संध्याकाळी चंचीतून डब्यात. "तुमच्या वहीत आलेलं मोजत्यात. पण मेंढरं मोजायची ती काय हाईत ते बघायला नाय, मॅडम. कोण ऱ्हायलं ते बघायला." माहेर-सासर दोन्ही देवगाव रंगारीकडचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हिशेब तिकडून आलेला होता. मी खेडवळ खूळ म्हणून हसले आणि विसरले.

पण एकदा कळलं की दिसायला लागतं. बाजाराच्या दिवशी नवरा-बायको, दोन पोरं गेटाशी थांबायची. बाप पाटीकडे बघायचा, आई पदर सारखा करायची, पोरगी आतल्या दगडी हत्तीकडे बोट दाखवायची. मग बाप आपल्या पायांकडे बघायचा आणि सगळे वळायचे. मी भागाबाईंना म्हणाले, "प्रवेश मोफत आहे असं एवढं ठळक लिहिलंय की!" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "फुकट म्हनलं की गरीब माणूस अजूनच बिचकतंय. फुकटाच्या जागंवरनं हाकलून देत्यात, हे त्याला ठावं असतंय."

दर दिवाळीला त्या डबा अंगणातल्या चिंचेखाली रिकामा करायच्या, एक चिंचोका सोडून. तो एक झिजून काळाभोर झाला होता. एका दिवाळीत मी विचारलं, हा कोणाचा? "माझा," त्या म्हणाल्या. आठ-नऊ वर्षांच्या असताना बापाबरोबर घोंगड्या विकायला त्या शहरात आल्या होत्या. परतताना या गेटाशी थांबल्या. आत जायचा हट्ट धरला. गेटावरचा माणूस ओरडला नाही, मारलं नाही, नुसतं म्हणाला, "हे तुमच्यासाठी नाय." बापाने हात धरला आणि निघाले. पुढे नशिबाची गंमत अशी की लग्न झालं ते याच गेटावर नंतर पहारेकरी म्हणून लागलेल्या माणसाशी, आणि तो वारल्यावर त्याच्या जागी नोकरीही इथलीच लागली. "पण बापाला आत आणायचं ऱ्हाऊन गेलं," एवढं बोलून त्या पुन्हा गेटाकडे चालू लागल्या. मला हसू आलं नाही, हे सांगायला नकोच.

नोव्हेंबरातल्या वारसा सप्ताहात आमच्याकडे एक खुला दिवस असायचा. मर्दानी खेळ, पोवाडा, मुलांची चित्रकला, मार्गदर्शकासह फेरी. येणारे तेच ते, शाळांचे गट आणि साहेबांच्या ओळखीची कुटुंबं. एका वर्षी भागाबाई माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. उभ्या कसल्या, या पायावरून त्या पायावर झुलत होत्या. "ह्या येळंला माघारी जाणारे आणू," म्हणाल्या.

सुरुवात त्यांनी स्वेटरवाल्यांपासून केली. दर हिवाळ्यात तिबेटी कुटुंबं शहरात स्वेटर विकायला येतात, हे आपल्याला पाठ आहे; ती राहतात कुठे आणि रविवारी काय करतात, हे आपण विचारलेलं नसतं. भागाबाईंनी दुकानात जाऊन एक स्वेटर चिमटीत धरला आणि डोलमा नावाच्या त्या मालकिणीला तोंडावर सांगितलं, "ही लोकर नाय. मेंढीनं हे बघितलं तर हसंल." डोलमा आधी चिडली, मग खोखो हसली. लोकरीवरून दोघींचं जे जमलं ते जमलंच. खुल्या दिवशी डोलमा सासूला घेऊन आली. लहानपणी आईच्या पाठुंगळीवर डोंगर ओलांडून देश सोडून आलेली ती म्हातारी, आमच्या दुसऱ्या दालनातल्या एका लहानशा पितळी बुद्धमूर्तीपुढे थांबली. टोपी काढली आणि कपाळ काचेला टेकवलं. बराच वेळ. "दीदी, ऐसी ही थी इनके घर में," डोलमा हळूच म्हणाली. त्या गेल्यावर काचेवर कपाळाचा ठसा राहिला. मी फडकं घेऊन धावले तर भागाबाईंनी माझं मनगट धरलं. "सांजंपोतर ऱ्हाऊ द्या. कोणी तरी आलतं म्हणून."

पुढच्या वर्षी त्यांची हाव वाढली. करमाडच्या बाजूला, सुगी झालेल्या शेतांत मेंढरं बसवून राहिलेली चार-पाच बिऱ्हाडं त्यांना ठाऊक होती. मीही बरोबर गेले. पहिलं भाषण माझं. प्राचीन शिल्पकला, आपला समृद्ध ठेवा वगैरे. माणसं ऐकत होती, पण माझ्याकडे न बघता कुत्र्यांकडे बघत होती. मग भागाबाई उकिडव्या बसल्या. आमच्या अंगणात एक वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्याच्या स्मरणाचा दगड. खालच्या कप्प्यात गुरांच्या कळपापुढे लढणारा माणूस, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर चंद्र-सूर्य. त्याच्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'वीरगळ. प्राप्तिस्थान अज्ञात.' भागाबाई म्हणाल्या, "आत आपला माणूस हाय. ढोरं राखताना मेला. कवापासून उनात उभा हाय, त्याला कोणी वळखंना. दर्शनाला या." तळावरच्या ठकूआजीने तंबाखू दाढेला लावली आणि विचारलं, "कंच्या वारी?" ठरलं. येताना रिक्षात मी खूश होऊन म्हणाले, "भागाबाई, 'दर्शनाला या' हे तर आपण पत्रकात छापलं पाहिजे!" हे माझं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरले.

रविवारी टेम्पोतून तेवीस माणसं उतरली. बायकांनी नवी लुगडी नेसलेली, म्हाताऱ्यांनी फेटे बांधलेले. सगळ्यांनी गेटाबाहेर चपला काढून ओळीने लावल्या. भागाबाई त्या दिवशी चालत नव्हत्या, पळत होत्या. अंगणात वीरगळापाशी थांबून माहिती सांगणं माझं काम होतं. एवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, लांबून हात केला आणि मी "आलेच हं" म्हणून फोटोला गेले. दहा मिनिटं असतील. पाहुण्यांना घेऊन अंगणात परतले तेव्हा वीरगळ नखशिखांत शेंदरी झाला होता. वरून तेल ओघळत होतं, भंडाऱ्याने चौथरा पिवळा झालेला, नारळ फुटलेला. दर्शनाला बोलावलेली माणसं रिकाम्या हाताने थोडीच येणार? ठकूआजीने तृप्त चेहऱ्याने वळून खोबऱ्याचा एक तुकडा प्रमुख पाहुण्यांच्या हातावर ठेवला. पाहुणे सज्जन. त्यांनी तो खाल्ला. साहेबांचा चेहरा मात्र मला आजही समोर दिसतो.

दगडात तेल मुरतं. साफसफाई करणाऱ्या तज्ज्ञांना महिनाभर लागला आणि तरी वीराच्या खांद्यावर एक डाग राहिलाच. साहेब वाईट नव्हते. दगड जपणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी जन्मभर मनापासून केलं होतं. "भावना ठीक आहेत, पण हा दगड पुढच्या पिढ्यांचाही आहे," ते म्हणाले, आणि त्यात खोटं काय होतं? त्यांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. मी तो दुपारभर बसून लिहिला. त्यात मी 'पाहुण्यांच्या स्वागतात व्यग्र' होते. आणि पुढे वाक्य होतं: 'सदर परिचराने दर्शनाच्या नावाखाली संबंधित लोकांची दिशाभूल केल्याने हा प्रकार घडला.' रिक्षातलं बोलणं मी कुठेच लिहिलं नाही. भ्याले होते, दुसरं काय. नोकरी गेली तर, या एका विचाराने माझा हात आपोआप लिहीत गेला, असं म्हणायची सोय आहे. पण हात आपोआप लिहीत नसतो.

अहवाल साहेबांकडे जायच्या आधी भागाबाई आल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. "माझ्याबद्दल काय लिवलंय, वाचून दावा," म्हणाल्या. मी वाचलं, आणि त्या शेवटच्या वाक्याशी अडखळून त्यातला एक शब्द गाळून पुढे गेले. भागाबाई आयुष्यात पहिल्यांदा एका जागी स्थिर उभ्या होत्या. वाचून झाल्यावर माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत म्हणाल्या, "एक ऱ्हायल्यावानी वाटतंय." मी म्हणाले, नाही हो, एवढंच आहे. "बरं," म्हणून त्या गेल्या. त्या 'बरं'ने मला कित्येक रात्री झोपू दिलं नाही.

त्यांची बदली मागच्या कोठारात झाली. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. कोठारात मातीची भांडी, मोडकी शस्त्रं आणि कपाटं, माणूस नाही. कपाटांच्या ओळींमधून त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर यायचा, जात-येत, जात-येत. "इथं कोणी माघारी जात नाय," एकदा म्हणाल्या, "अन् कोणी येत बी नाय. ह्याला काय राखणं म्हणत्यात?" मला त्यांच्याशी बोलायला जायचं असायचं आणि मी जायची नाही. काही तरी काम निघायचंच. काम काढलं की निघतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी चहापत्तीचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. आत तो एकच काळा चिंचोका होता. "रोज बघत जावा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या खुल्या दिवसाला साहेबांनी पास काढले. शाळा, कार्यालयं, निमंत्रित. गेटावर एजन्सीचा नवा सुरक्षारक्षक. मी अंगणातल्या व्यासपीठावर सूत्रसंचालन करत होते. दुपारी कार्यक्रम संपल्यावर रक्षकाने सहज सांगितलं, "मॅडम, एक मावशी आल्या होत्या, दहा-बारा खेड्यातले लोक घेऊन. पास नव्हते. मावशी म्हणाल्या मी इथंच होते कामाला. मी म्हटलं, मग तुम्ही जा आत, बाकीच्यांचं नाही जमणार."

"मग?"

"म्हणाल्या, मेंढरं बाहेर सोडून मेंढक्या आत जातो व्हय? आणि गेले सगळे."

मी रस्त्यावर धावले. कोपऱ्यापर्यंत, मग बाजारापर्यंत. कोणी नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या मुलाच्या नंबरवर फोन लावला. भागाबाईंच्या आवाजात रागाचा लवलेश नाही. रागावल्या असत्या तर मी तरले असते. "तुम्ही माईकवर व्हत्या," त्या म्हणाल्या. "लई ग्वाड बोलता. बाहिरपोतर ऐकू येत व्हतं. हा वारसा सगळ्यांचा हाय, असं म्हनलात."

मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, त्या कागदातला तवा ऱ्हायलेला शब्द कंचा व्हता?"

"दिशाभूल," मी म्हणाले.

"म्हंजी म्या लोकांना आडवाटंला लावलं."

"हो. तसं लिहिलं मी."

"तुम्हाला तसं वाटतंय का?"

"नाही, भागाबाई. कधीच नाही वाटलं. मीच दगडापाशी नव्हते. मीच म्हणाले होते की दर्शनाला या असं छापू."

"मग तसं लिवा की," त्या म्हणाल्या. जशी काही सोपी गोष्ट होती. मग मागे कोणाला तरी भाकरी वाढायला सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी लिहिलं. साहेबांपुढे दुसरा अहवाल ठेवला, त्यात ते दहा मिनिटांचे फोटो, रिक्षातलं बोलणं, सगळं. कडक शब्दांत लेखी समज मिळाली, बढती राहिली. त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण त्यासोबत मी मागणी केली होती की पास बंद करा, मी स्वतः दिवसभर वीरगळापाशी उभी राहते. त्याला सात महिने लागले. सात महिने मी साहेबांच्या केबिनपासून माझ्या टेबलापर्यंत आणि टेबलापासून केबिनपर्यंत फेऱ्या घातल्या. शिपाई हसायचे की भागाबाईंची भिंगरी मॅडमना लागली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "करा, पण त्या दगडाला तेलाचा थेंब लागला तर माझ्याकडे येऊ नका."

आदेश हातात पडला तसा मी देवगाव रंगारीला फोन लावला. सुनेने उचलला. भागाबाई जाऊन पंधरा दिवस झाले होते. छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आतच. आम्हाला कळवायचं कोणाला सुचलं नाही, आणि का सुचावं? आम्ही त्यांचे कोण होतो?

सुगी झाल्यावर करमाडला मी एकटीच गेले. या वेळी भाषण केलं नाही. उकिडवी बसले, गुडघे कडकड वाजले, बायका हसल्या. मी सांगितलं, दर्शनाला या, पण तेल-शेंदूर लावला की दगड झिजतो आणि आपला माणूस पुसला जाईल. तेव्हा नुसतं बघायला या. ठकूआजी म्हणाली, "मग आधी सांगायचं न्हवं. आमी काय मुद्दाम केलं व्हय?" खरंच की. एवढं साधं वाक्य त्या दिवशी कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

खुल्या दिवशी टेम्पो आला. चपलांची ओळ लागली. डोलमा सासूला घेऊन आली. सासूने काचेला कपाळ टेकवलं, मी फडकं शोधलं नाही. ठकूआजी हात पाठीमागे घट्ट बांधून वीरगळापुढे उभी राहिली, जणू हात सुटले तर पुन्हा काही तरी करून बसतील. मग इकडेतिकडे बघत तिने विचारलं, "भागी कुठं दिसंना?" मी सांगितलं. ती तिथेच चौथऱ्याला टेकून खाली बसली. तेल नको, शेंदूर नको म्हणणारी मी, पण रडू नका असं म्हणायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही तिच्या शेजारी बसले.

संध्याकाळी गेट लावताना नोंदवही भरली होती. साहेब खूश होते. मी पदरात चिंचोके बांधलेली गाठ सोडली. दिवसभरात, मी अंगणातून मान वळवून वळवून पाहिलं तेवढ्यात, चौघं माघारी गेले होते. आम्ही पास काढले नाहीत, बोलवायला गेलो, गेट सताड उघडं ठेवलं, आणि तरी चौघं पाटीकडे बघून, पायांकडे बघून वळलेच. चार चिंचोके मी डब्यात टाकले.

आत मी आजवर टाकलेले बरेच होते. त्यांत एक काळाभोर, भागाबाईंच्या लहानपणीचा. आणि एक मी ओळखू यावा म्हणून दोरा बांधून टाकलेला, पासवाल्या रविवारी धावत जाऊन रिकाम्या हाताने परतले त्या संध्याकाळचा. तोही भागाबाईंचाच. आज ठकूआजी आत आली, तिची माणसं आत आली, तेव्हा आता हा काढून टाकावा असं मनाशी ठरवून मी तो चिमटीत धरला होता. पण त्या दिवशी बाहेर उभी राहून माझं बोलणं ऐकणारी बाई काही आत आली नव्हती.

मी तो परत डब्यात टाकला आणि गेटावर कोणी उरलंय का ते बघायला उठले.